ट्रकच्या चाकांचा समतोल : घरी की दुकानात?

ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो. अशा वेळी चाकाचा समतोल बिघडल्याची शंका घ्यावी. सुमारे एक मीटर व्यासाच्या टायरवर एका जागी 100 ग्रॅम वजन अधिक असेल, तर ताशी 80 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सात फेरे घेते आणि त्या 100 ग्रॅमचा ओढा दहा किलोंच्या भाराइतका होतो.

घरी करावयाची पद्धत सोपी वाटते. चाक आडव्या आसावर मोकळे सोडले की जड बाजू खाली येऊन स्थिरावते. तिच्या बरोबर समोर रिमवर वजन लावायचे. मात्र टायरच्या आतल्या व बाहेरच्या कडेतील तफावत चाक फिरतानाच प्रकट होते आणि ती यंत्रावरच मोजता येते. रुंद टायरमध्ये हीच तफावत अधिक छळते. निदान पुढच्या चाकांसाठी तरी दुकानाचे पैसे वाचवू नयेत.

शिवाय शंभर किलोंच्या आसपासचे चाक एकट्याने हाताळणे धोक्याचेच. ट्यूबच्या टायरची लॉक रिंग हवेच्या दाबाने उडाल्यास प्राणावर बेतते. म्हणून नट सैल करण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी, आणि नंतर हवा पिंजऱ्यातच भरून घ्यावी.

दुकानात जाण्यापूर्वी रिममध्ये साचलेला चिखल काढावा. कित्येकदा थरथर तेवढ्यानेच थांबते. टायर एकाच कडेला झिजत असेल, तर दोष बहुधा अलाइनमेंटचा असतो.