उचंत खात्यातले सहाशे

मराठी माणसाचे इतिहासावर अपार प्रेम आहे, पण हे प्रेम तो साधारणपणे बसल्या जागी करतो. अफझलखानाचा कोथळा चहाच्या टेबलावर निघतो, आग्र्याहून सुटका दिवाणखान्यात होते, आणि पावनखिंड तर जेवणानंतर सुपारी कातरता कातरताही लढवता येते. गोष्ट पाठच असते. वेढा, पालखी, शिवा काशीद, बाजीप्रभू, तोफांचे आवाज, संपले! पन्हाळा ते विशाळगड हे अंतर गोष्टीत एका वाक्याचे आहे. पायांनी मोजले तर ते पन्नास-साठ किलोमीटर भरते, आणि आषाढात दर किलोमीटरला चिखल आपला एक बूट तारण म्हणून ठेवून घेतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पोट भरते ते बँकेच्या काउंटरमागे. त्यामुळे इतिहासकार 'हे का घडले?' असे विचारतात तिथे माझ्या तोंडून 'किती?' एवढेच निघते. ही खोड चांगली नव्हे, असे आमच्या घरात मत आहे. पण पन्हाळगडाचा मामला मुळात जमाखर्चाचाच आहे, हे माझ्यासारख्या कारकुनाला पटकन दिसते.

बघा ना. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान संपला, आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा महाराजांच्या ताब्यात आला. अठरा दिवसांत एवढी जमा कुठल्या खात्यात होते? पण जमा मोठी झाली की सावकार जागे होतात. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडला, आणि मे महिन्यात शाइस्तेखान पुण्यात येऊन बसला. एका दारात आदिलशाही, दुसऱ्या दारात मोगल, आणि घरधनी पन्हाळ्यावर अडकलेला. पावसाळा आला की वेढा ढिला होईल अशी आशा होती. पाऊस आला, वेढा होता तिथेच राहिला. वसुलीला आलेला माणूस पावसाने परत जात नाही, हे मी आमच्या बँकेच्या वतीने सांगू शकतो.

यात तिसरा एक भिडू होता, त्याचे नाव आपण सुपारी कातरताना विसरतो. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. हा गृहस्थ व्यापारी. कापड आणि मिरी सोडून तो तोफा घेऊन पन्हाळ्याखाली आला, आणि चक्क इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर गोळे टाकले. गिऱ्हाईक आदिलशाही, माल दारूगोळा. याला पुढे काय भोगावे लागले ते पुढे सांगतो, कारण त्याची नोंद फार व्यवस्थित आहे.

तर आमच्या स्टाफच्या रिक्रिएशन क्लबाने या वाटेने चालत जायचे ठरवले. कॅरम आणि हळदीकुंकू यांपलीकडे क्लबाची मजल गेलेली नव्हती, पण कर्जविभागातल्या एका तरुण पोराने ठराव मांडला आणि हेडकॅशियर झोपेत 'हो' म्हणाले. महाराज निघाले ते १२ जुलै १६६० च्या रात्री, म्हणून आम्हीही जुलैच धरला. ते रात्री निघाले, आम्ही पोटभर पोहे खाऊन सकाळी निघालो. त्यांच्याबरोबर सहाशे माणसे होती असे सांगतात. आम्ही अकरा होतो, आणि त्यांतले दोन पहिल्या चढालाच 'महाराजांनी दुसरी वाट बघितली नव्हती का?' असे विचारू लागले.

मसाई पठार ओलांडताना ढग इतके खाली आले की पुढचा माणूस फक्त खोकल्यावरून ओळखायचा. पठार संपले की वाट रानात शिरते. जांभूळ, हिरडा, करवंदीच्या जाळ्या, मध्येच एखादा ओढा, मग चार घरांची वाडी, मग पुन्हा रान. खाचरांत भाताची रोपलावण चाललेली. बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या, पाठीवर प्लॅस्टिकची खोळ, आणि आमच्याकडे बघून त्यांचे हसणे काही थांबेना. चिखलात चालायची त्यांची एक रीत होती. पाय तिरका टाकायचा आणि तसाच उचलायचा. आमची रीत म्हणजे सरळ टाकायचा आणि खालीच बसायचे.

करपेवाडीच्या अलीकडे एका घराच्या पडवीत आम्ही आसऱ्याला थांबलो. म्हातारीने न विचारता चहाचे आधण ठेवले आणि मग विचारले, "कुठनं आलासा पाव्हणं?"

"पन्हाळ्याहून आजी. विशाळगडाला चाललोय."

"आनि चालत का? यष्टी जाती की."

हेडकॅशियरांनी छाती काढली. म्हणाले, "आजी, शिवाजीमहाराज याच वाटेनं गेले."

म्हातारीने चहा गाळता गाळता त्यांच्याकडे पाहिले. "त्यांच्या मागं शिद्दी लागला हुता. तुमच्या मागं कोन लागलंय?"

यावर आमच्या एकाही माणसाला उत्तर सुचले नाही. म्हातारीने कप पुढे केले आणि हेडकॅशियरांच्या सुजलेल्या घोट्याकडे बघत सहज म्हणाली, "पालकी उचलनारी मानसं हिकडचीच असत्याली. चिकलात पळाय येनारी. तुमास्नी न्हाई जमायचं त्ये."

तिने हे काही मोठे सांगायचे म्हणून सांगितले नव्हते. पण तिथून पुढे माझी 'किती?' ही खोड मला स्वस्थ बसू देईना.

त्या रात्री पालख्या दोन होत्या. एकीत महाराज, दुसरीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद, पन्हाळ्याजवळच्या नेबापूरचा नाभिक. दुसरी पालखी पकडली जाणार, हे ठरवूनच निघाली होती. शिवा काशीद आत बसून मरणाकडे गेला आणि त्याचे नाव राहिले, ते राहायलाच हवे. पण ती पालखी कोणीतरी खांद्यावर घेतली होती ना? आतला माणूस पकडला गेला म्हणजे भोई काय 'बरं, येतो' म्हणून घरी गेले असतील? आणि पहिल्या पालखीचे भोई! मला पाठीवरची पाण्याची बाटली जड झाली होती. या लोकांनी राजा वाहिला. भर पावसात, ढगांआडच्या पौर्णिमेच्या उजेडात, मागे सिद्दी मसूदचे घोडेस्वार, आणि पाय घसरला तर पडणार होते ते स्वराज्यच.

पांढरपाणी मागे टाकून आम्ही दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत उतरलो. हीच पावनखिंड. कासारी नदीचे पाणी दोन्ही बाजूंच्या दगडांमधून आवाज करत जाते, आणि जागा इतकी अरुंद की बाजीप्रभूंनी हीच का निवडली हे सांगायला गाईड लागत नाही. निम्मी माणसे, म्हणजे तीनशे, इथे थांबली. निम्मी महाराजांबरोबर विशाळगडाकडे गेली. त्यांनाही वाट मोकळी नव्हतीच. गडाखाली सुर्वे आणि दळवी फौज घेऊन बसले होते, ती फोडून वर जायचे होते. गडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड सोडायची नाही, एवढाच हुकूम. आवाज आले. ते ऐकायला खाली किती माणसे उरली होती, याचा आकडा नाही.

मी खिंडीत उभा राहून बोटे मोजली. बाजीप्रभू एक. त्यांचे भाऊ फुलाजी दोन. दोघांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. इथे मरायला उभे राहिलेले बाकीचे 'बांदलांचे मावळे'. तीनशेत मला दोन नावे सांगता आली. पुढे १६७३ साली पन्हाळा परत घेतला तो कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी. तिथेही माणसे साठ, पाठ असलेले नाव एक.

आता रेव्हिंग्टनकडे वळू. १६६१ साली महाराजांनी राजापूर गाठले, वखार लुटली, आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैदेत टाकले. हिशेब चुकता झाला असे तुम्हांआम्हांला वाटेल. पण इंग्रज व्यापाऱ्याने नुकसान वहीत लिहून ठेवले होते. वर्षांमागून वर्षे त्याने तगादा लावला, आणि १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन रायगडावर आला, तेव्हा झालेल्या तहात राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होनांची भरपाई मान्य करून घेतली. गोळे टाकायला गेलेल्याचे नुकसान होनांच्या आकड्यानिशी इतिहासात शाबूत आहे. ज्यांनी पालखी वाहिली त्यांचे काय गेले याची नोंद नाही, कारण त्यांच्यात लिहिणारा कोणी नव्हता. इतिहासात भरपाई बहुधा वही ठेवणाऱ्याला मिळते. आयुष्यभर वह्या ठेवणाऱ्या माणसाला हे लिहिताना फारसे बरे वाटत नाही.

बँकेत कधीकधी एखादी रक्कम येते आणि ती कोणाची ते कळत नाही. अशी रक्कम उचंत खात्यात टाकतात. ती फेकायची नसते आणि आपलीही समजायची नसते. धनी सापडेपर्यंत नुसती सांभाळायची. हे सहाशे लोक, पालख्यांचे भोई धरून, आपल्या उचंत खात्यात पडून आहेत. आणि आपण? साडेतीनशेहून जास्त वर्षे त्या रकमेवर बिनदिक्कत व्याज खात आहोत. छाती काढतो, घोषणा देतो, मंडळांना नावे देतो, आणि यष्टीने घरी येतो.

धनी आता सापडायचे नाहीत, हे मलाही कळते. पण खाते आपले नाही एवढे लक्षात ठेवले तरी ऑडिटच्या दृष्टीने पुष्कळ झाले. विशाळगडावर दोन्ही समाध्यांपुढे आमचे अकराही जण गप्प उभे राहिले. घोटा सुजलेले हेडकॅशियर, ज्यांनी आजवर एका नोटेवरही दुसऱ्याच्या मोजणीचा विश्वास धरला नाही, हळूच मला म्हणाले, "सहाशे म्हणतात ना? बरोबरच असतील. हे मोजायचं आपलं काम नव्हे."