वंचिततेचे लघुक्षेत्रीय मापन (नाशिक जिल्हा)

तालुका, गाव किंवा शहरातील वॉर्ड अशा लहान घटकांत शिक्षण, निवारा, पाणी, रोजगार यांची उणीव मोजण्याची पद्धत. इंग्लंडमध्ये त्यासाठी सरासरी 1,500 लोकवस्तीचे क्षेत्र धरतात. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक मात्र जिल्ह्यापाशी थांबतो. 15 तालुक्यांच्या आणि 61 लाखांवर लोकसंख्येच्या (2011) नाशिकला तेवढ्याने भागत नाही. द्राक्ष-कांद्याचे निफाड आणि गुजरात सीमेवरील आदिवासीबहुल सुरगाणा-पेठ यांची काढलेली सरासरी कोणत्याच तालुक्याची नसते.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाने तालुका हा घटक मानून स्त्री-साक्षरता व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे या निकषांवर 125 तालुके निवडले. त्याखाली उतरायचे तर 2011 च्या जनगणनेतील गाव व वॉर्डनिहाय सोयींची आकडेवारी (नळ, शौचालय, बँक खाते) हाच मुख्य आधार, आणि तो जुना झाला आहे. शिवाय त्या वेळची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीदरम्यान, ऐन द्राक्षहंगामात झाली. या दिवसांत पेठ-सुरगाण्यातील अनेक मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांवर असतात. निकषही झिजतात : 2014 च्या जनधन योजनेनंतर नुसते बँक खाते असण्यावरून गरीब वस्ती ओळखता येत नाही.