परग्रहवासी, परकीय, उपरे: ‘रॉझवेल’ मालिकेचा एक इतिहास

इंग्रजीतील ‘एलियन’ ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागले की एक अडचण उभी राहते. विज्ञानकथेचा अनुवादक ‘परग्रहवासी’ असे लिहितो, कायद्याचा अनुवादक ‘परकीय’ असे लिहितो, आणि दोघांचेही बरोबर असते. मूळ भाषेत मात्र हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, आणि त्यांपैकी कायद्याचा अर्थ कितीतरी जुना आहे. अमेरिकेने १७९८ साली एलियनांविषयीचे कायदे केले, १९४० साली त्यांची नोंदणी सक्तीची केली, आणि १९५२ च्या कायद्यात अमेरिकेचा नागरिक वा राष्ट्रीय नसलेली कोणतीही व्यक्ती म्हणजे एलियन अशी व्याख्या नमूद केली. तबकडीतून उतरणारा एलियन त्या मानाने अलीकडचा आहे.

१९९९ ते २००२ ह्या काळात प्रक्षेपित झालेल्या ‘रॉझवेल’ ह्या कुमारवयीनांसाठीच्या अमेरिकी मालिकेचा विचार प्रस्तुत लेखात ह्या दुहेरी शब्दाच्या अंगाने करायचा आहे. लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे: ह्या मालिकेने कागदपत्रांविना वाढणाऱ्या स्थलांतरित मुलांची स्थिती जशीच्या तशी उचलली आणि ती परग्रहावरच्या गोऱ्या मुलांना बहाल केली. त्यामुळे ती स्थिती लाखो प्रेक्षकांना आपलीशी वाटली, पण ती खरोखर ज्यांची होती ते पडद्यावरून दिसेनासे झाले.

प्रथम गावाविषयी. रॉझवेल हे न्यू मेक्सिको राज्यातील एक लहान शहर आहे. १९४७ साली तेथील लष्करी विमानतळावर ५०९ क्रमांकाचे बाँबफेकी दल होते, आणि अणुबाँब वाहून नेण्याची क्षमता असलेले ते त्या वेळचे एकमेव दल होते. जवळच्या एका कुरणाची व्यवस्था पाहणाऱ्या मॅक ब्रेझलला काही विचित्र अवशेष सापडले. ८ जुलै रोजी तळाने उडती तबकडी हाती आल्याचे प्रसिद्धीस दिले आणि लगोलग वरिष्ठांनी तो हवामानाचा फुगा असल्याचा खुलासा केला. पुढे तीसएक वर्षे हे प्रकरण जवळजवळ विस्मृतीत होते. १९८० साली चार्ल्स बर्लिट्झ आणि विल्यम मूर ह्यांच्या पुस्तकाने ते पुन्हा उकरून काढले. अखेर १९९४ च्या हवाई दलाच्या अहवालाने हे अवशेष ‘मोगल’ प्रकल्पातील फुग्यांचे असल्याचे सांगितले. सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी हा गुप्त प्रकल्प हाती घेतला होता. म्हणजे लपवाछपवी खरीच होती. तिच्या मुळाशी मात्र आकाशातले कोणी नसून शीतयुद्ध होते.

ह्याच शीतयुद्धाने माणसांत मिसळून राहणाऱ्या परग्रहवासीयांच्या कथेला तिचे पहिले ठळक रूप दिले. जॅक फिनी ह्यांची ‘द बॉडी स्नॅचर्स’ ही कादंबरी १९५५ ची, तिच्यावरील चित्रपट १९५६ चा, आणि ‘द इन्व्हेडर्स’ ही मालिका १९६७-६८ ची. ह्या सर्वांत शेजारी दिसायला आपल्यासारखाच असतो आणि भीती नेमकी त्याचीच असते. कथेतील दृष्टी नेहमी शोधणाऱ्याची असते, लपणाऱ्याची कधीच नसते.

ही दृष्टी उलटवण्याचे मोठे श्रेय एका शिक्षिकेला द्यावे लागेल. झेना हेंडरसन ह्या ॲरिझोनातील शाळांत शिकवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, तेव्हा अशाच एका छावणीतील मुलांनाही त्यांनी शिकवले होते. त्या मुलांपैकी अनेकांच्या आईवडिलांना कायदा ‘शत्रू एलियन’ म्हणत होता, आणि जपानहून आलेल्यांना नागरिकत्वाचे दार १९५२ पर्यंत बंदच होते. योगायोगाने १९५२ सालीच हेंडरसन ह्यांची ‘पीपल’ ह्या कथामालिकेतील पहिली कथा प्रसिद्ध झाली. आपला ग्रह नष्ट झाल्यामुळे पृथ्वीवर आलेले, डोंगरदऱ्यांत साध्या शेतकऱ्यांसारखे राहणारे आणि मुलांना आपल्या शक्ती लपवायला शिकवणारे निर्वासित हे ह्या कथांचे नायक आहेत. त्यांचे गुपित उमगणारी व्यक्ती बऱ्याचदा गावात नव्याने आलेली शिक्षिका असते. येथे परग्रहवासी प्रथमच घाबरवणारा न राहता घाबरलेला झाला, आणि त्याच्या कथेचे घटनास्थळ प्रयोगशाळेतून शाळेच्या वर्गात आले. अलेक्झांडर की ह्यांची ‘एस्केप टू विच माउंटन’ ही १९६८ ची बालकादंबरी आणि तिच्यावरील डिस्नेचा १९७५ चा चित्रपट ह्याच वाटेवरचे. आपण कोठून आलो हे धड न आठवणारी अनाथ भावंडे त्यांत आहेत.

‘रॉझवेल’ ह्या वंशावळीत चपखल बसते. तिला आधार होता मेलिंडा मेट्झ ह्यांच्या ‘रॉझवेल हाय’ ह्या १९९८ ते २००० ह्या काळातील दहा पुस्तकांचा. ह्या पुस्तकांची शीर्षके पाहण्यासारखी आहेत: पहिले ‘द आउटसायडर’, पुढे ‘द इन्ट्रूडर’, ‘द स्टोअवे’. म्हणजे उपरा, घुसखोर, जहाजात लपून आलेला. हा शब्दसंग्रह अंतराळाचा कमी आणि सीमेचा जास्त आहे. जेसन कॅटिम्स ह्यांनी त्यावर मालिका रचली. पहिला भाग ६ ऑक्टोबर १९९९ रोजी दाखवला गेला. उपाहारगृहात वाढपाचे काम करणाऱ्या लिझला गोळी लागते. वर्गातला मितभाषी मॅक्स तिच्या जखमेवर हात ठेवून तिला वाचवतो, आणि तिच्या कपड्यांवर केचप ओतून रक्ताचा डाग झाकतो. जीव वाचवणे आणि पुरावा झाकणे ही दोन्ही कामे एकाच हाताने, एकाच क्षणी होतात. पुढच्या ६० भागांचा ताण ह्या एका कृतीत सामावलेला आहे.

आता ह्या मुलांची स्थिती तपशिलात पाहू. मॅक्स, इझाबेल आणि मायकेल येथे आले ते स्वेच्छेने नव्हे. त्यांना कोणीतरी येथे पाठवले. मूळ ग्रहाची त्यांना आठवण नाही, तेथील भाषा येत नाही. मॅक्स आणि इझाबेल एका वकिलाच्या घरात दत्तक म्हणून वाढतात. मायकेल एका मारकुट्या पालकाच्या ताब्यात असतो आणि अखेर न्यायालयातून स्वतःची कायदेशीर सुटका करून घेतो. रुग्णालयात जाणे, रक्त तपासू देणे, पोलिसांच्या नजरेत भरणे हे सारे त्यांना वर्ज्य आहे. शाळेतली समुपदेशक प्रत्यक्षात केंद्रीय तपास यंत्रणेची हस्तक निघते.

हा शेवटचा तपशील त्या काळाच्या संदर्भात वाचायला हवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली टेक्सासच्या एका खटल्यात, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. आईवडिलांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येत नाही, हे त्यामागील एक प्रमुख सूत्र होते. तरीही १९९४ साली कॅलिफोर्नियातील मतदारांनी १८७ क्रमांकाचा प्रस्ताव संमत केला. त्यात अशा मुलांना शाळाबंदी होती आणि त्यांची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारी शाळांवरच टाकलेली होती. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली आणि १९९९ साली हा वाद तडजोडीने कायमचा मिटला. त्याच वर्षी, त्याच राज्यात चित्रित झालेल्या मालिकेत, मुलांचे गुपित काढू पाहणारी समुपदेशक अवतरते. कर्त्यांनी हे जाणून केले असा दावा येथे नाही. तशी गरजही नाही. काळाच्या हवेत असलेली भीती लेखकाच्या अनुमतीवाचूनही कथेत शिरते.

मालिकेचा शेवटही असाच बोलका आहे. १४ मे २००२ रोजी दाखवलेल्या अंतिम भागाचे नाव ‘ग्रॅज्युएशन’. शालान्त पदवीदानाचा दिवस हाच त्यांना जिवे मारण्यासाठी निवडलेला दिवस असतो, आणि सर्वजण एका गाडीतून गाव सोडतात. १९८२ च्या निकालाचे संरक्षण बारावीपर्यंतच होते; त्यानंतर ना सरकारी शिष्यवृत्ती, ना कायदेशीर नोकरी. बालपणी आणलेल्या आणि शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या मुलांना ह्या कड्यावरून वाचवू पाहणारे ‘ड्रीम’ विधेयक सिनेटमध्ये प्रथम मांडले गेले ते ऑगस्ट २००१ मध्ये, म्हणजे मालिकेचे तिसरे पर्व सुरू होण्याच्या उंबरठ्यावर. पुढील दोन दशकांत ते अनेकदा मांडूनही संमत झाले नाही. शाळा संपते त्या दिवशी आपले घरच आपले उरत नाही, हा अनुभव परग्रहावरून आणावा लागला नव्हता.

ह्यावर एक रास्त आक्षेप संभवतो. पौगंडावस्थेत प्रत्येकालाच आपण इतरांहून वेगळे आहोत असे वाटते. मग परग्रहवासी हे त्या सार्वत्रिक एकटेपणाचे रूपक का मानू नये? मालिका लोकप्रिय झाली ती ह्याच वाचनामुळे, हे खरे आहे. पण एकटेपणाच्या रूपकाला दत्तकविधान, न्यायालय, तपास यंत्रणा आणि पदवीदान इतक्या नेमक्या तपशिलांची गरज नसते. एकटेपणा मनात असतो. मॅक्सचे संकट मात्र शासनाच्या दप्तरात आहे.

आणि येथेच आडनावाचा प्रश्न येतो. मेट्झ ह्यांच्या पुस्तकांतील नायिका लिझ ऑर्टेचो आहे, लॅटिनो कुटुंबातली. दूरचित्रवाणीवर ती लिझ पार्कर झाली आणि तिच्या घरच्या उपाहारगृहाचे मालकही पार्कर झाले. २००० च्या जनगणनेनुसार न्यू मेक्सिकोतील ४२ टक्के लोक हिस्पॅनिक होते. त्या राज्यात घडणाऱ्या कथेची निवेदिका मात्र त्यांच्यातली उरली नाही. मरायाची भूमिका करणारी माहांद्रा डेल्फिनो व्हेनेझुएलात जन्मलेली होती, पण तिच्या पात्राला त्या वारशाचा कसलाच भार दिला गेला नाही. स्थलांतराची कथा ठेवली आणि स्थलांतरितांचे आडनाव काढले, असा हा व्यवहार झाला.

प्रेक्षकांनी त्या कथेवर प्रेम केले हेही तितकेच खरे. पहिल्या पर्वानंतर मालिका बंद पडणार अशी चिन्हे दिसताच चाहत्यांनी वाहिनीच्या कार्यालयात टबॅस्को सॉसच्या हजारो बाटल्या पाठवल्या, कारण मालिकेतील परग्रहवासीयांना गोड आणि तिखट एकत्र आवडते. मालिकेला मुदतवाढ मिळाली. २००१ साली पहिल्या वाहिनीने हात काढून घेतल्यावर दुसरीने तिला आसरा दिला. ज्यांना राहू द्यावे म्हणून ही मोहीम चालली ते काल्पनिक एलियन होते, आणि जिच्या बाटल्या पाठवल्या त्या सॉसला मेक्सिकोतील एका राज्याचे नाव आहे.

२०१९ साली कथा पुन्हा पडद्यावर आली, ‘रॉझवेल, न्यू मेक्सिको’ ह्या नावाने. येथे लिझला तिचे आडनाव परत मिळाले. दहा वर्षांनी गावी परतलेली ही लिझ शास्त्रज्ञ आहे, तिचे वडील कागदपत्रांविना त्या देशात राहिलेले आहेत, आणि दोन्ही प्रकारचे एलियन एकाच गावात एकमेकांसमोर उभे आहेत. २०२२ पर्यंत चाललेल्या ह्या आवृत्तीने जुने ऋण फेडले. मात्र ह्यातील पात्रे प्रौढ आहेत, शाळा मागे पडली आहे. पहिल्या मालिकेचा मर्मभाग होता वयात येणारे मूल आणि त्याच्याकडे संशयाने पाहणारे शासन ह्यांचा सामना. तो दुसरीत तसा उरला नाही. एकीने अनुभव दाखवला आणि नाव झाकले. दुसरीने नाव उच्चारले, पण त्या अनुभवाचे वय निसटले.

मराठी वाचकाला ह्या सर्वासाठी ‘परग्रहवासी’ किंवा ‘परकीय’ ह्यांपेक्षा जवळचा शब्द कदाचित ‘उपरा’ हा असेल. लक्ष्मण माने ह्यांच्या १९८० च्या आत्मकथनाने ह्या शब्दाला जे वजन दिले त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: उपऱ्याच्या पाठीशी परत जाण्यासारखा दुसरा देश नसतो. तो येथलाच असतो, आणि येथेच त्याला परके ठरवलेले असते. मॅक्सला आपला ग्रह आठवत नाही. बालपणी सीमेपलीकडून आणलेल्या कित्येक मुलांनाही आपले जन्मगाव आठवत नसते. दोघांचे गाव एकच, जेथे ते शाळेत गेले. रूपकाने एखाद्या उपऱ्याला प्रिय केले आहे असे दिसले, की त्या प्रेमाच्या किमतीत कोणाचे आडनाव गेले हे विचारणे समीक्षेचे काम आहे. ‘रॉझवेल’च्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर मूळ पुस्तकाच्या पानांवर छापलेलेच होते.