खटका दाबल्यानंतरचा अर्धा सेकंद

मैदानाच्या कडेला कॅमेरा घेऊन बसणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘घरी जुना डिजिटल कॅमेरा आहे. पोरीच्या कबड्डीचे फोटो काही नीट येत नाहीत. आता नवा घ्यावा का?’ विचारणारे कधी शाळेतले क्रीडाशिक्षक असतात, कधी खेळाडूचे वडील. मी कविता लिहिणारा माणूस, तंत्रज्ञ नव्हे. पण बी. ए.ला इतिहास हा विषय होता, त्यामुळे कुठलाही प्रश्न आला की मागे वळून पाहायची खोड लागली आहे. या प्रश्नाचे उत्तरही मला दुकानाच्या फळीवर सापडले नाही, इतिहासात सापडले.

खेळाच्या छायाचित्रणाचा सारा इतिहास म्हणजे उशिराशी दिलेली झुंज आहे. डोळ्यांना क्षण दिसतो, बोट खटका दाबते आणि चित्र उमटते. या तिन्हींच्या मधल्या फटीत खेळ निसटून जातो. ती फट बुजवण्यासाठी माणसाने जवळजवळ दीडशे वर्षे खटपट केली आहे.

सुरुवात एका घोड्यापासून झाली. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेमालक लेलँड स्टॅनफर्ड यांना घोड्यांचा भारी शौक. भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात काय, हा तेव्हाचा वादाचा विषय. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने जून १८७८ मध्ये धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यांचे दोरे घोड्याच्या वाटेत आडवे ताणले. घोडा धावला, दोरे तुटत गेले आणि एकेक कॅमेरा उघडत गेला. पाय सुटतात हे सिद्ध झाले. पण ते चित्रकार रंगवत आले तसे पुढे-मागे फाकलेले नसतात, तर पोटाखाली गोळा झालेले असतात, हेही दिसले. मला यातली गंमत वेगळीच वाटते. इथे माणसाच्या बोटाला कामच नव्हते. घोड्याने आपला फोटो आपणच काढला, म्हणून उशीर झाला नाही!

पुढे १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत ऑस्कर बार्नाक यांचा लायका कॅमेरा लोकांसमोर आला. खिशात मावणारे यंत्र आणि एका रिळात छत्तीस चित्रे. तरी वृत्तपत्रांचे क्रीडा छायाचित्रकार कितीतरी वर्षे जडशीळ प्लेट कॅमेरेच वापरत होते. डिसेंबर १९६० मध्ये ब्रिस्बेनला वेस्ट इंडीज आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली पहिली बरोबरीत सुटलेली कसोटी झाली. जो सॉलोमनच्या थेट फेकीने शेवटचा गडी धावबाद झाला. तो क्षण मेलबर्नच्या ‘द एज’चे छायाचित्रकार रॉन लव्हिट यांनी टिपला. एका चित्राला एक प्लेट असे ते दिवस. दहा फोटो काढून त्यातला एक निवडू, ही सोय नव्हती. छायाचित्रकार यष्ट्यांवर आधीच फोकस लावून ठेवायचा आणि वाट पाहायचा. चेंडू कुठे जाईल याचा अंदाज त्याच्या यंत्रात नसे, डोक्यात असे.

१९८४ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा चौथी आली. तिची वेळ ५५.४२ सेकंद आणि तिसऱ्या क्रमांकाची ५५.४१. एका शतांश सेकंदाने पदक गेले आणि सारा देश हळहळला. तो शतांश सेकंद लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब मांडायचा आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९८५ साली, मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला. फोकस जुळवणारी मोटर त्याच्या शरीरातच होती. धावत्या खेळाडूचा पाठलाग करत भिंगाची कडी फिरवण्याचे कसब हळूहळू यंत्राकडे गेले.

डिजिटल कॅमेऱ्याची कहाणी मात्र प्रचंड उशिराने सुरू झाली. १९७५ साली कोडॅक कंपनीतले तरुण अभियंता स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला लागत तेवीस सेकंद. तेवीस सेकंदांत कबड्डीची एक चढाई जवळपास आटोपते. १९९१ साली कोडॅकने वृत्तछायाचित्रकारांसाठी डिजिटल कॅमेरा विकायला काढला. त्यात निकॉनचा एफ-३ कॅमेरा होता, सोबत खांद्याला लटकवायची एक पेटी आणि किंमत वीस हजार डॉलरच्या घरात. खऱ्या अर्थाने वृत्तपत्रांच्या हाती डिजिटल कॅमेरा आला तो १९९९ च्या निकॉन डी-१ मुळे. ठिपके जेमतेम सत्तावीस लाख, पण सेकंदाला साडेचार चित्रे.

घराघरांत जे आले ते मात्र निराळेच होते. २००० नंतरच्या त्या चंदेरी, खिशात मावणाऱ्या डब्या आठवतात ना? वाढदिवसाचा केक कापताना त्यांचे काही बिघडत नसे. मैदानावर मात्र त्यांची फजिती होई. खटका दाबला की ती डबी आधी फोकस शोधायची, मग उजेड मोजायची आणि मग चित्र घ्यायची. यात बऱ्याचदा अर्धा सेकंद जाई. अर्धा सेकंद म्हणजे उषाच्या त्या शतांशाच्या पन्नास पट. ताशी एकशे चाळीस किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदात सुमारे एकोणीस मीटर जातो, म्हणजे जवळजवळ अख्खी खेळपट्टी. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताना तुम्ही खटका दाबलात, तर चित्रात फलंदाजाचा फटका मारून झालेला असायचा. लोकांना वाटे, आपला हात चुकला. हात चुकला नव्हता. यंत्रच उशिरा येत होते.

ही कोंडी फुटली ती ऑगस्ट २००३ मध्ये. कॅननने ईओएस ३००डी काढला. भिंगे बदलता येणारा, साठ लाखांवर ठिपक्यांचा आणि किंमत हजार डॉलरच्या आत. पाठोपाठ २००४ साली निकॉनचा डी-७० आला. वापरलेले कॅमेरे काही वर्षांनी तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. माझ्या हाती आला तोही असाच, कुणीतरी वापरून झालेला.

याचे महत्त्व मुंबई-पुण्याच्या वाचकांना कदाचित चटकन उमगणार नाही. आमच्या भागात जत्रा असो की उरूस, कुस्त्यांचे मैदान भरतेच. शाळांचे खो-खो आणि कबड्डीचे सामने होतात. रिळाच्या काळात तिथे स्टुडिओवाला यायचा एक रीळ घेऊन. छत्तीस फोटो. त्यातले पाच-सहा पाहुण्यांच्या स्वागताचे, दहा-बारा हारतुऱ्यांचे, उरलेले बक्षीस समारंभाचे. खेळाडू असायचे ते शेवटी, ढाल हातात धरून एका ओळीत ताठ उभे. जुन्या संघांचे अल्बम चाळून पाहा. बक्षीस सापडते, खेळ सापडत नाही. खांबाला धरून हवेत झेपावलेली मुलगी, उलटी पकड सोडवून निदानरेषेवर लोळण घेणारा चढाईपटू, ढाक मारताना ताणलेली मानेची शीर, यांतले काहीच कागदावर उतरले नाही. रीळ महाग होते आणि हे फोटो फसण्याची भीती होती. डिजिटल कॅमेऱ्याने ती भीती घालवली. फसलेल्या फोटोला खर्च उरला नाही आणि म्हणून खेळाडूला जागा मिळाली.

आमच्याकडे एक मुलगी खो-खो खेळायची. दहावीनंतर खेळ सुटला, पुढे लग्न झाले. ती खेळतानाचा एकच फोटो तिच्याकडे आहे, साठ लाख ठिपक्यांचा, किंचित हललेला. सासरच्या घरात तो भिंतीवर आहे. ‘ही मीच,’ असे ती आपल्या मुलाला सांगते. आजचा महागडा कॅमेरा त्या फोटोला नावे ठेवील; तिला त्याचे काही नाही.

जुन्या कॅमेऱ्याच्या मर्यादा मी नाकारत नाही. ३००डी सेकंदाला अडीच फोटो घ्यायचा आणि चार फोटोंनंतर कार्डावर लिहीत बसायचा. धावत्या खेळाडूवर सतत फोकस ठेवण्याची सोय त्याच्या ‘स्पोर्ट्स’ या तयार पर्यायातच कोंडलेली होती. बाकी गोष्टी हाताने ठरवायला गेलात की ती मिळत नसे. आणि बंदिस्त क्रीडागृहातल्या पिवळट दिव्यांखाली चित्रावर वाळू सांडल्यासारखे दाणे दिसायचे.

हे अडथळेही एकामागून एक दूर झाले. २००७ च्या निकॉन डी-३ ने कमी उजेडाची भीती घालवली. विजेचे काही दिवे आपल्याकडे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, म्हणून लागोपाठच्या दोन फोटोंत एक उजळ आणि एक काळवंडलेला येई. २०१४ च्या कॅनन ७डी मार्क टू ने ती लय ओळखून नेमक्या तेज क्षणी खटका सोडायला सुरुवात केली. २०१७ साली सोनी ए-९ आला. त्यात वर-खाली होणारा आरसा नव्हता आणि सेकंदाला वीस फोटो निघत. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ए-९ थ्री ने तर संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपायला सुरुवात केली. आधीचे बिनआवाजाचे खटके चित्र ओळीओळीने वाचत, त्यामुळे वेगात फिरणारी बॅट वाकलेली दिसायची. ते संपले. वर सेकंदाला एकशेवीस फोटो!

सर्वांत नवलाची गोष्ट वेगळीच आहे. ऑलिंपसने २०१६ साली अशी सोय आणली की खटका अर्धा दाबून ठेवला, तर पूर्ण दाबण्याच्या आधीची काही चित्रेही जपली जातात. पुढे इतरांनीही ती घेतली. तेवीस सेकंदांच्या उशिरापासून निघालेला प्रवास उशीर उणे होण्यापर्यंत आला. क्षण हातून निसटला, तरी यंत्राने तो आधीच धरून ठेवलेला असतो.

मग घ्यावा का नवा कॅमेरा? माझे उत्तर असे की आधी तुमचा क्षण नेमका कुठे हरवतो ते शोधा. चित्र काळपट आणि हललेले असेल, तर दोष बहुधा भिंगाच्या तोंडाचा आहे. कॅमेऱ्यासोबत येणारे साधे भिंग लांबचे ओढताना एफ ५.६ एवढेच उघडते. एफ १.८ चे ८५ किंवा ५० मिलिमीटरचे भिंग त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. जिथे साठाव्या भागाचा खटका मिळायचा, तिथे पाचशेवा मिळतो. तेवढ्यात चढाईपटूचे पाऊल थांबते. कॅननची १९८७ पासूनची ईओएस भिंगे आज आरसा नसलेल्या नव्या ईओएस कॅमेऱ्यांवरही जोडकडी लावून चालतात. शरीर जुने होते, भिंग सहसा होत नाही. म्हणून पैसा आधी भिंगात घालावा.

तीन-चार फोटोंनंतर कॅमेरा अडत असेल, तर रॉ सोडून जेपीईजी घ्या, बरे कार्ड टाका. फोकस मागच्या प्रेक्षकांवर बसत असेल, तर मधला एकच बिंदू निवडा आणि सतत फोकस चालू ठेवा. एवढे करूनही खेळ निसटत असेल, तर मात्र कॅमेरा बदलायची वेळ झाली. तोही अगदी नवा हवा असे नाही. व्यावसायिक मंडळी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्यापासून त्यांचे जुने, दणकट कॅमेरे सेकंडहँड बाजारात मिळतात. घेताना किती खटके झाले ते विचारावे. ७डी मार्क टू चा खटका दोन लाख वेळांसाठी पारखलेला आहे. आणि तुमचा जुना कॅमेरा कपाटात ठेवू नका. शाळेला द्या, शिकणाऱ्या पोराला द्या. गावोगावच्या खेळाडूंचे फोटो निघाले ते अशाच हातोहात आलेल्या कॅमेऱ्यांनी.

एक उशीर मात्र कुठलाच कॅमेरा कमी करत नाही. उलट तो वाढला आहे. सेकंदाला वीस फोटो घेणारा माणूस संध्याकाळी हजारो फोटो घेऊन घरी येतो. मग ते चाळणार कोण, निवडणार कधी? कार्डातले फोटो संगणकात जातात आणि तिथेच राहतात. शेवटच्या बाकावर बसलेली, एकदाच मैदानात उतरलेली मुलगी विचारत राहते, ‘सर, माझा एक होता का?’ मी आता नियम केला आहे. सामना संपल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक खेळाडूचा एक तरी फोटो कागदावर छापून त्याच्या हाती द्यायचा, हरलेल्या संघाचा आधी. जिंकलेल्यांकडे ढाल असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)