लवचीकपणा कोणाच्या जिवावर? मुंबईच्या गिरण्या आणि बदली कामगार

बाजार फिरला की आपला माल, माणसे आणि कामाची पद्धत चटकन बदलते ती संस्था टिकते, असे आजचे व्यवस्थापनशास्त्र सांगते. मुंबईच्या कापड गिरण्यांपुढे हा प्रश्न शंभर वर्षांहून आधीच उभा राहिला होता. त्यांनी काढलेली वाट पाहिली, तर बदलाचा भार शेवटी कोणावर पडतो याचा उलगडा होतो.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्या मुख्यतः सूत कातत आणि त्यातले पुष्कळसे चीनला जाई. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या, तेव्हा चांदीच्या नाण्यावर चालणाऱ्या चीनला आपले सूत महाग पडू लागले. त्यातच १८९६ मध्ये प्लेग आला आणि जपानची स्पर्धा वाढली. गिरण्यांनी हळूहळू माग वाढवले आणि देशी बाजारासाठी कापड विणायला घेतले. धंद्याने कूस बदलली ती अशी.

मागणीचे चढउतार मात्र संपले नाहीत. ते सोसण्यासाठी गिरणीत एक जुनी सोय होती, ती म्हणजे मुकादम आणि बदली कामगार. सकाळी दरवाजाशी माणसे जमत. गैरहजर कामगारांच्या जागी किती हात लागतील ते पाहून मुकादम माणसे निवडी. उरलेले घरी परतत. काम टिकवायचे तर मुकादमाला दस्तुरी द्यावी लागे. काम नसलेल्या दिवसाचा खर्च गिरणीच्या वहीत कुठेच चढत नसे. तो चाळीतली उधारी, खानावळवालीचा संयम आणि कोकणातले किंवा घाटावरचे तुटपुंजे शेत यांच्यावर पडे.

१९२०नंतरच्या मंदीत ही सोय अपुरी पडली. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, कातण खात्यातल्या माणसाने दुप्पट बाजू सांभाळाव्यात, अशी नवी पद्धत ससून गटाच्या गिरण्यांनी आणली. तीन साचे सांभाळणाऱ्याची मजुरी काहीशी वाढणार होती. पण ज्याचा साचा दुसऱ्याकडे गेला त्याचे काय, याला उत्तर नव्हते. एप्रिल १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले आणि सहा महिन्यांनी परतले. पुढे फॉसेट समितीने ही पद्धत तत्त्वतः मान्य केली, पण तिला अटी घातल्या.

याच संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी एक अवघड प्रश्न पुढे केला. विणकाम खात्यात मजुरी अधिक, पण तिथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, असे कारण दिले जाई. म्हणजे साच्यांची संख्या बदलायला मालक तयार होते, ती बदलू नये म्हणून कामगार लढत होते, आणि खात्याखात्यांतली जातीची भिंत मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हती.

१९३१ मध्ये शाही मजूर आयोगाने मुकादमी पद्धतीवर टीका केली. १९३५ मध्ये मालक संघाने बदली कामगारांना कार्डे दिली. मुकादमाचा अधिकार काहीसा आटला, पण सकाळी दरवाजाशी येऊन उभे राहणे चुकले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा अनेक गिरण्यांतली यंत्रे जुनाट होती आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात विणून मिळत होते. कापड बाहेरून विणून घेता आल्यामुळे मालकांना थांबणे परवडले. कामगारांना परवडले नाही. पुढे १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट उघडली आणि धंद्याने पुन्हा कूस बदलली.

या सव्वाशे वर्षांत गिरण्या अनेकदा बदलल्या. सूत सोडून कापडाकडे, कापड सोडून जमिनीकडे वळल्या. प्रत्येक वेळी तोटा सोसण्याची ताकद मात्र ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्याकडूनच उसनी घेतली गेली. एखादी संस्था किती चपळ आहे हे ठरवताना तिने किती वेळा दिशा बदलली एवढेच मोजून भागत नाही. काम नसलेल्या दिवसाचा खर्च कोणाच्या वहीत लिहिला गेला, तेही पाहावे लागते.