रॉस यांची पत्रे आणि मॅन्सन यांची लेखणी

हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या शोधाचा मोठा भाग टपालाने घडला, ही हकीकत मात्र तितकीशी प्रसिद्ध नाही. एका टोकाला हिंदुस्थानातील छावण्यांतून बदलीवर फिरणारा एक लष्करी डॉक्टर, आणि दुसऱ्या टोकाला लंडनमध्ये त्याची पत्रे वाचणारे, लेख छापवून आणणारे व सरकारदरबारी त्याच्यासाठी खटपट करणारे पॅट्रिक मॅन्सन, असा हा व्यवहार होता.

१८९४ साली रॉस रजेवर इंग्लंडला गेले, तेव्हा हिवतापाच्या परजीवीविषयी त्यांचा विश्वास उडालेला होता. लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात पाहिलेली ती काळ्या कणांची आकृती हिंदुस्थानात त्यांना नीट दिसलीच नव्हती. मॅन्सन यांनी ती त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखविली, आणि हा जीव डासामार्फत आपले पुढचे आयुष्य काढीत असावा, ही आपली कल्पनाही सांगितली. १८९५ मध्ये रॉस सिकंदराबादला परतले. तेथून पुढे चार वर्षांत या दोघांत शंभराहून अधिक पत्रांची देवाणघेवाण झाली.

दूर पडलेल्या संशोधकाचे दुःख मॅन्सन स्वतः भोगून आले होते. चीनमधील अमॉय बंदरात असताना डासाच्या पोटात हत्तीरोगाचा कृमी वाढतो, हे त्यांनी १८७७ साली पाहिले. परंतु तेथे त्यांना विचारणारे कोण होते? ते टिपण लंडनच्या लिनिअन सोसायटीपुढे १८७८ मध्ये मांडले ते स्पेन्सर कॉबोल्ड यांनी. स्वतःला मिळालेला हा आधार मॅन्सन पुढे दुसऱ्याला देऊ शकले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अर्थात मार्गदर्शकाचा शब्द प्रत्येक वेळी खरा ठरला नाही. डास अंडी घालून पाण्यात मरतो आणि ते पाणी पिणाऱ्यास हिवताप होतो, असा मॅन्सन यांचा तर्क होता. त्या तर्कापायी रॉस यांनी डास मेलेले पाणी माणसांना पाजूनही पाहिले! त्यातून निष्पन्न काही झाले नाही. दोन वर्षे अशीच गेली. त्यांतील बराच काळ बंगळुरात पटकीच्या बंदोबस्तात खर्ची पडला.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत ते फळ आले. हुसेन खान नावाच्या रोग्यास ठिपकेदार पंखांचे डास चावविले होते, आणि दर डासामागे एक आणा मोबदला ठरला होता. अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळ्या कणांनी भरलेल्या पेशी रॉस यांना दिसल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डासात त्या अधिक वाढलेल्या आढळल्या. दोन डास, एवढाच पुरावा. सहकारी सर्जन-मेजर स्माइथ यांची साक्ष जोडून रॉस यांनी लेख लिहिला. लंडनमध्ये मॅन्सन यांनी त्या पेशींची स्वतः तपासणी केली, आणखी दोघा तज्ज्ञांनाही त्या पाहावयास लाविल्या, आणि १८ डिसेंबर १८९७ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेखाबरोबर या मंडळींचे अभिप्रायही प्रसिद्ध झाले. अनोळखी डॉक्टरच्या दोन डासांवर कोणी विश्वास ठेवला नसता. जाणत्यांच्या अभिप्रायांनी त्यांना वजन आले.

लेख छापून आला, तेव्हा त्याचा कर्ता कोठे होता? राजपुतान्यातील खेरवाड्याला! शोध ऐन रंगात असताना सरकारने त्यांची बदली केली होती, आणि तेथे हिवतापाचे रोगी मिळणे मुष्किलीचे. रॉस यांची त्या काळातील पत्रे संतापाने भरलेली आहेत. संपादकाच्या कामापलीकडचे मॅन्सन यांचे काम येथे दिसते. वसाहत खात्याचे वैद्यकीय सल्लागार म्हणून त्यांची नुकतीच नेमणूक झाली होती. ते वजन त्यांनी खर्चिले. फेब्रुवारी १८९८ मध्ये रॉस हिवताप व काळा आजार यांच्या अभ्यासासाठी खास कामगिरीवर कलकत्त्यास पोहोचले. पगार चालू, प्रयोगशाळा हाताशी, आणि मुदत अवघी सहा महिन्यांची. आज ज्यास अनुदान म्हणतात, त्याचे हे त्या काळचे रूप होते.

कलकत्त्यात नवीच अडचण उभी राहिली. मुंबईत १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगची धास्ती तेथवर पोहोचली होती, आणि बोटाला सुई टोचू देण्यास माणसे तयार होईनात. तेव्हा रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले. जुलैमध्ये परजीवी डासाच्या लालापिंडात शिरताना त्यांना दिसला. पाण्यातून नव्हे, डासाच्या दंशातूनच रोग पसरतो, हे उघड झाले. मॅन्सन यांचा जुना तर्क त्यांच्याच शिष्याने मोडला होता. तरी ती वार्ता त्याच महिन्यात एडिंबरो येथील ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत आनंदाने सांगितली ती मॅन्सन यांनीच. माणसातील हिवतापाचे चक्र पुढे त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केले, आणि मानाच्या वाट्यावरून जो कलह पेटला तो रॉस यांना आयुष्यभर पुरला.

१९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले. पुढे १९१२ च्या सुमारास मॅन्सन यांनी लिहिलेल्या एका पत्रावरून रॉस त्यांच्यावरच बदनामीचा दावा लावण्यास निघाले; प्रकरण आपसांत मिटले, पण मने मिटली नाहीत. मॅन्सन १९२२ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मात्र रॉस यांनी जुन्या पत्रव्यवहारातील उतारेच्या उतारे छापले, आणि ते वाचताना प्रत्येक टपालाची वाट पाहणारा, लंडनहून आलेल्या उत्तरावर जगणारा तो तरुण डॉक्टर पुन्हा दिसू लागतो.