लोथारची तुर्की टोपी : चित्रकथांतील वंश आणि वर्ण

इंद्रजाल कॉमिक्स ही मालिका मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. तिच्यामुळे वेताळ व मँड्रेक हे दोन अमेरिकी नायक मराठी घरांत आले. मँड्रेक रेशमी उंच टोपी घालून हातांच्या इशाऱ्याने संमोहन करी. त्याच्या मागे एक धिप्पाड आफ्रिकी माणूस उभा असे. तो लोथार. प्रस्तुत लेखाचा विषय हा मागे उभा असलेला माणूस आहे.

ली फॉक यांनी मँड्रेकची चित्रमालिका जून १९३४ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू केली. चित्रकार होते फिल डेव्हिस. कथेनुसार लोथार हा सात राष्ट्रांच्या संघाचा युवराज. राज्यावर पाणी सोडून तो मित्रासोबत जग हिंडतो. चित्रात मात्र युवराजाच्या अंगावर बिबळ्याचे कातडे, डोक्यावर लाल तुर्की टोपी आणि तोंडी मोडकेतोडके इंग्रजी होते. कथा त्याला राजपुत्र म्हणते, पेहराव त्याला नोकर ठरवतो. वाचक आधी चित्र पाहतो, मग मजकूर वाचतो, हे लक्षात घेतले म्हणजे कोणता ठसा टिकला असेल ते सांगायला नको.

त्या टोपीविषयी थोडे विषयांतर करतो. सुलतान महमूद दुसरे यांनी १८२९ मध्ये ती उस्मानी अधिकाऱ्यांसाठी सक्तीची केली, तेव्हा ती सुधारणेची खूण होती. आपल्याकडे अलीगढच्या विद्यार्थ्यांनी आणि हैदराबादच्या प्रतिष्ठितांनी ती मानाने वापरली. हैदराबादेत तिला रूमी टोपी म्हणत. खुद्द तुर्कस्तानात १९२५ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आली. नऊ वर्षांनी तीच टोपी अमेरिकेत बिबळ्याच्या कातड्याच्या जोडीला आली. इस्तंबूल, कैरो आणि जंगल यांतला फरक चित्रकाराच्या लेखी उरला नव्हता. ‘परका’ एवढा एकच अर्थ तिने वाहायचा होता.

असे संकेत केवळ पूर्वग्रहातून घडत नव्हते, छपाईचाही त्यात वाटा होता. स्वस्त कागदावर पिवळी, तांबडी, निळी आणि काळी अशा चारच शाया ठिपक्यांच्या कमी-अधिक दाटीने छापल्या जात. गोऱ्या त्वचेसाठी पिवळ्या व तांबड्याची फिकट छटा पुरे. तपकिरी त्वचेला तिन्ही रंग लागत आणि त्या कागदावर ते गढूळ, राखाडी उमटत. चिनी पात्रांना तर बऱ्याचदा सरळ पिवळाच रंग दिला जाई. पण सगळा दोष शाईवर टाकून मोकळे होता येणार नाही. ‘द स्पिरिट’ या १९४० च्या मालिकेत विल आयस्नर यांनी एबनी व्हाइट या कृष्णवर्णीय मुलाला प्रचंड जाड ओठ दिले. ते रेषेने काढलेले होते, शाईने नव्हे. १९६३ मध्ये ‘सार्जंट फ्युरी’च्या पहिल्या अंकात गेब जोन्स हा कृष्णवर्णीय सैनिक गुलाबी छापून आला. रंगाचे काम करणाऱ्यांना मूळ सूचनाच चुकीची वाटली, असे स्टॅन ली यांनी सांगितले आहे. युद्धकथेत गोऱ्यांच्या बरोबरीने लढणारा काळा सैनिक असू शकतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

याच माध्यमाने स्वतःची झडतीही घेतली आहे. ‘वियर्ड फँटसी’च्या १९५३ मधील १८ व्या अंकात अल फेल्डस्टाइन व जो ओर्लँडो यांची ‘जजमेंट डे’ ही कथा आली. नारिंगी व निळ्या यंत्रमानवांच्या एका ग्रहावर पृथ्वीचा प्रतिनिधी पाहणीला येतो. आतली यंत्रणा एकच, बाहेरचे कवच तेवढे वेगळे. तरी निळ्यांच्या वाट्याला बसमधली मागची जागा. ग्रह अद्याप लायक नाही असा निर्णय देऊन तो यानात परततो, शिरस्त्राण काढतो, आणि तो स्वतः कृष्णवर्णीय असल्याचे शेवटच्या चित्रात दिसते. १९५६ मध्ये पुनर्मुद्रणाच्या वेळी कॉमिक्स नियामक संस्थेच्या प्रमुखांनी या अंतराळवीराचा वर्ण बदलण्यास सांगितले. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी साफ नकार दिला आणि कथा जशीच्या तशी छापली. ज्या एका चित्रावर सारी कथा उभी, तेच काढायला सांगितले गेले होते!

लोथारमध्ये बदल व्हायला १९६५ उजाडावे लागले. डेव्हिस यांच्या निधनानंतर फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार झाले आणि लोथारला नीट कपडे व नीट इंग्रजी मिळाले. अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती. पुढच्याच वर्षी ब्लॅक पँथर हा आफ्रिकी राजा नायक म्हणून अवतरला.

वेताळाच्या कथा भारतात आणताना आपल्या प्रकाशकांनीही काळजी घेतली, पण ती आपल्यापुरती. मूळ कथेतील ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले, ‘बेंगाली’ची ‘डेंकाली’ झाली, वेताळाच्या बापाचा खुनी ‘रामा’ याचा ‘रामालू’ झाला. फुग्यांतला मजकूर नव्याने लिहावाच लागे, त्यामुळे नाव बदलणे सोपे. मूळ इंग्रजीत ठेंगण्या वननिवासींच्या जमातीचे नाव मात्र ‘बांदर’ आहे. हिंदी-उर्दू जाणणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

लोथारच्या मोडक्या इंग्रजीचे मराठीत काय झाले, हा प्रश्न उरतो. त्याला प्रमाण मराठी मिळाली, की एखाद्या बोलीची नक्कल त्याच्या माथी मारली गेली? जुने मराठी अंक रद्दीवाल्यांकडे आणि काही ग्रंथालयांत अजून सापडू शकतात. भाषा विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने इंग्रजी अंक शेजारी ठेवून ते तपासावेत. प्रकल्प म्हणून हे काम एका सत्रात होण्यासारखे आहे.